दोन एनचं पेण

घ्या, आधी चहा घ्या. फक्त कप बशीत ठेवून ऐका. मागच्या खेपेला हे सांगत होतो तेव्हा एकाने हसता हसता गादीवर सांडला, तो डाग अजून गेला नाही.

तसा फजितीला मी नवखा नाही. भलत्याच माणसाच्या लग्नात आहेर देऊन, दोनदा जिलबी मागून घेऊन आलेला माणूस आहे मी. पण गेल्या मे महिन्यात जे केलं ना, त्यापुढे ती जिलबी काहीच नाही. एका अक्षरापायी मी अख्खं पेण हलवलं, रोह्यात मेव्हण्याच्या दारचा मांडव सोडवला, कुवेतमधल्या एका सरळमार्गी मुलाला दिवसभर खोलीत बसवून ठेवलं. आणि ज्या एका जीवासाठी एक फोन करायचा होता, तो सोडून सगळ्यांना केले!

थांबा, असं उलटं नको. पहिल्यापासून सांगतो.

माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. काम काय? पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं आणि वहीत लिहायचं. झालं. म्हणजे पाऊस किती पडून गेला एवढंच मला कळायचं. पण पेणची माणसं मला विचारायची, पाऊस कधी पडणार? आणि विचारलं की मी सांगायचो! आभाळाकडे बघायचं, डोळे बारीक करायचे, दोन मिनिटं गप्प बसायचं आणि म्हणायचं, "दुपारनंतर बघू." दुपारनंतर काही ना काही होतंच. तेवढ्यावर माझं नाव पडलं, हवामानवाले भाऊ. रिटायर झालो तरी नाव काही रिटायर झालं नाही.

आता आमची लेक, सायली. एकुलती एक. तीन वर्षांपूर्वी लग्न करून अमेरिकेला गेली. गावाचं नाव पिट्सबर्ग. पत्त्यात पुढे 'पीए' लिहायचं असतं. पार्सलवर पत्ता मीच घालतो, अक्षर चांगलं आहे ना माझं. मेतकूट, कुळथाचं पीठ, पोह्याचे पापड, आणि वर झोकात पिट्सबर्ग, पीए. पीए म्हणजे काय, हे मी कधी विचारलं नाही. आमदाराला पीए असतो, मोठ्या साहेबाला असतो, पिट्सबर्गलाही असेल एखादा!

आणि आमचं बापलेकीचं फोनवरचं बोलणं कसं, ते ऐका.

"जेवलीस का?"

"हो बाबा."

"बरं. आईला देतो."

संपलं. आठ सेकंद. आता माया नाही असं समजू नका हो. माया पोटभर आहे. पण ती तोंडाने काढायची कशी, हे काही मला पाटबंधारे खात्यात कुणी शिकवलं नाही. शाळेत पोरीला पहिलं बक्षीस मिळालं तेव्हासुद्धा मी "छत्री आणलीस ना?" एवढंच विचारलं होतं.

गेल्या मे महिन्यात सायलीला सातवा लागला होता. आमची ही जूनमध्ये तिच्या बाळंतपणाला जायची होती. त्याआधी रोह्याला हिच्या भावाकडे, प्रभाकरकडे लग्न. त्याची मुलगी प्राजक्ता. ही दोन दिवस आधीच मदतीला गेली. मी हळदीच्या दिवशी दुपारी जायचं ठरलं. निघताना एसटी स्टँडवर हिने मला बजावलं.

"अहो, सायलीचा फोन आला तर नीट बोला. जावई कंपनीच्या कामाला बाहेरगावी गेलेत. पोटुशी पोर घरात एकटी हाय."

"बोलतो की."

"आठ सेकंद नाय हां. माणसासारखं बोला."

मी मान डोलावली. मान डोलवायला आपलं काय जातं?

हळदीचा दिवस उजाडला. सकाळचे सहा. मी दात घासतोय आणि फोन टुणकन वाजला. सायलीचा मेसेज, माझ्या नावावर! जन्मात पहिल्यांदा. एरवी सगळं आईला. ती मराठीच लिहिते, पण इंग्रजी अक्षरांत. चष्मा लावून एकेक अक्षर जुळवत वाचलं.

"बाबा, आईचा फोन लागत नाही. पेनला मोठं वादळ येणार आहे. आज रात्री. मी घाबरले आहे. फोन करा."

पेनचं स्पेलिंग केलं होतं पी, ई, एन, एन. आमच्या पेणपेक्षा एक एन जास्तीचा. मी म्हटलं, घाईत बोट दोनदा पडलं असेल. हा एन ध्यानात ठेवा, पुढे त्यानेच माझं वाटोळं केलं.

मला सांगा, तुम्ही पेणचे असता तर काय वाचलं असतं? मला तर भरूनच आलं. बघा, पोरगी सातासमुद्रापार, पोटात बाळ, आणि घाबरली कुणासाठी? आपल्या पेणसाठी! माहेरची ओढ म्हणतात ती हीच.

मेसेजखाली एक इंग्रजी कागद जोडला होता. वरती मोठ्या अक्षरात 'नॅशनल आउटलुक'. आउटलुक म्हणजे अंदाज, नॅशनल म्हणजे राष्ट्रीय. राष्ट्र म्हणजे आपलं. सरळ आहे! अमेरिकेचे उपग्रह आपल्याही डोक्यावरून फिरत असतात, त्यांना आधी दिसलं असणार. सोबत नकाशाही होता, पण तो काही उघडेना, नुसतं चाक गोल फिरत राहिलं. तो उघडला असता तर आज तुम्ही नुसताच चहा पिऊन घरी गेला असता.

पहिली ओळ वाचली. हरिकेन म्हणजे चक्रीवादळ, कुठे? गल्फ! माझ्या हातातला ब्रश थांबला. आमच्या शेजारच्या मुनिराभाभींचा अश्फाक गल्फमध्येच तर आहे, कुवेतला. पुढची ओळ, अतिउष्णता, साउथ. पेणच्या दक्षिणेला काय? रोहा! पुढे वणवे, वेस्ट. इथे जरा अडखळलो. पश्चिमेला आमच्याकडे वडखळच्या पुढे खाडी आणि मिठागरं. मिठागराला वणवा कसा लागणार? पण सरकारी कागद दिसत होता, आणि जन्म सरकारी नोकरीत काढलेला माणूस कागदावर शंका घेत नाही. आणि सगळ्यात खाली, ठळक अक्षरांत, आज रात्री जोरदार वादळ आणि गारा, वेस्टर्न पेन.

एकाच कागदावर पेण आणि गल्फ! अहो, जगात दुसरं गाव कुठलं आहे, ज्याला या दोन्हींची एकदम काळजी असते? हा कागद आमच्यासाठी नाही तर कुणासाठी?

आता राहिलं, 'फोन करा'. कुणाला करा? लोकांना! सावध करा! हवामानवाल्या भाऊंच्या लेकीने दुसरं काय सांगायचं?

मी तिला ताबडतोब उत्तर टाकलं. "काळजी करू नकोस. मी आहे. फोनलाच लागलोय."

आणि लागलो.

पहिला फोन दिगंबरला. दिगंबरचा गणपतीचा कारखाना आमच्या मागच्या आळीत. मे महिना म्हणजे कच्च्या मूर्ती उन्हात वाळत ठेवायचे दिवस. अंगणात, गच्चीवर, शेजाऱ्याच्या ओट्यावर, जिकडे बघाल तिकडे पांढरे गणपती ऊन खात बसलेले.

"दिगंबर, मूर्ती आत घे. वादळ येतंय."

"कवा?"

"आज रात्री. गारा पण हायत."

"भाऊ, बाहेर या नि आभाळ बघा! ढगाचा ठिपका नाय. त्यात मूर्त्या ओल्या हायत. हलवल्या तर कुणाचा कान जायाचा, कुणाची सोंड."

"दिगंबर, मी अंदाजाने बोलत नाय. अमेरिकेतून आलंय."

अमेरिकेचं नाव काढलं मात्र! लगेच त्याने मागे वळून ओरडल्याचं ऐकू आलं, "उचला रे! सगळे आत घ्या! सांभाळून!"

दुसऱ्या मुनिराभाभी. त्या कुंपणापलीकडेच, म्हणून फोन नाही, हाकच मारली. गल्फ आणि वादळ हे दोन शब्द ऐकल्याबरोबर त्यांनी मला पुढे बोलूसुद्धा दिलं नाही.

"या अल्ला! माझा पोरगा सेकंड शिफ्ट करून आता कुठं निजला असंल." आणि ओढणीच्या टोकाने डोळे टिपत तिथल्या तिथे नंबर लावला. "अश्फाक, ऊठ. तुफान येतंय. आज खोलीतून बाहेर पाय टाकायचा नाय. पाणी भरून ठेव. माझी शपथ हाय तुला."

पलीकडून झोपेतला आवाज मलाही ऐकू आला. "अम्मी, हिकडं खिडकीबाहेर नुसती वाळू नि अंधार हाय गो."

"वाळूतच तुफान असतंय! भाऊ खोटं सांगतील?"

मी मान हलवली. भाऊ खोटं कसं सांगतील?

तिसरा फोन रोह्याला. प्रभाकर हळदीच्या गडबडीत.

"प्रभाकर, मांडव उतरव."

"काय बोलताव, भावोजी? हळदीच्या दिवशी मांडव उतरवायचा? मुहूर्तमेढ रोवलीय!"

"मेढ राहू दे. वरचं कापड, झालरी, पंखे, सगळं काढ. रात्री वादळ आलं आणि मांडव उडून नवरीच्या डोक्यावर पडला तर?"

बिचारा प्रभाकर. मुलीच्या बापाला असलं काही सांगायचं नसतं हो, तो आधीच अर्धा झालेला असतो. त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "तुम्ही म्हणताव म्हणजे असंल. काढतो." मी म्हटलं, हिला दे जरा. तर ही हळद कुटायला बसलेली, हात भरलेले, आणि हिचा फोन कपाटात पर्समध्ये. राहू दे म्हटलं, दुपारी भेटतोच आहे.

मग काय, सुटलोच मी. खोपोली रस्त्याला जुने सहकारी होते त्यांना केला, गडबच्या मावसभावाला केला, वडखळला भजीवाला ओळखीचा आहे त्याला केला, म्हटलं मिठागराकडे वणव्याचं काही दिसलं तर लगेच कळव. तो म्हणाला, "भाऊ, तब्येत बरी हाय ना?" नऊ वाजेपर्यंत माझा कान तापून लाल झाला. त्या तीन तासांत फोन खाली ठेवला नाही मी. नोकरीत एवढं काम केलं असतं तर साहेब होऊन रिटायर झालो असतो.

दहा वाजता रोह्याची एसटी धरायला निघालो. नाक्यावर एक रिक्षावाला मला थांबवून म्हणतो, "काका, कुठं निघालाव? आज रातच्याला पेण रिकामं करायचं हाय. वरून आर्डर आलीय."

"कुणाची ऑर्डर?"

"अमेरिकेची!"

बघा म्हणजे. माझीच बातमी चार तासांत अशी धष्टपुष्ट होऊन मला नाक्यावर भेटली. आणि मला शरम वाटली का? छे! मी चष्मा नीट केला आणि म्हटलं, "हो, खबरदारी घ्या."

एसटी गडबवरून गेली तर रस्त्याकडेला एक बाई वाळत घातलेल्या मिरच्या लगबगीने सुपात भरत होती. मावसभावाने काम चोख केलेलं दिसत होतं. वर आभाळ असं निळं, की बघून डोळे दुखावेत. मी मनात म्हटलं, ही वादळापूर्वीची शांतता.

रोह्याला उतरलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. प्रभाकरच्या दारात पोचलो आणि बाहेरच थांबलो. मांडवाचे नुसते बांबू उभे. वर कापड नाही, पंखे नाहीत. खाली पाहुण्यांची पंगत बसलेली, भर उन्हात. कुणी डोक्यावर टॉवेल घेतलाय, कुणी पत्रावळ धरलीय, नवरीचे एक आजोबा तर डाव्या हातात छत्री धरून उजव्या हाताने वरणभात कालवतायत. कागदात लिहिलं होतं ना, दक्षिणेला अतिउष्णता? ती मीच आणली होती, पेणहून फोन करून.

दारात ही उभी. हातात भाताचं उलथनं.

"आलात? बघा आपली करणी. व्याही येतायत संध्याकाळी. त्यांना काय सांगू, आमचे हे हवामान बघतात?"

"अगं, पण सायलीनेच कळवलंय! मेसेज आलाय तिचा!"

"सायलीचा मेसेज? तुम्हाला?" हिचा आवाज एकदम बदलला. उलथनं खाली आलं. "काय म्हणत्येय पोर?"

मी फोन पुढे केला. हिचे हात हळदीने पिवळे, म्हणून नवरीने, प्राजक्ताने तो घेतला. पोरगी शिकलेली, शिवाय त्यांच्या घरात इंटरनेट दणकून चालतं. तिने कागद उघडला आणि इतका वेळ फिरणारं ते चाक थांबलं. नकाशा उघडला.

प्रभाकर खांद्यावरून वाकला. "हा कुठला जिल्हा गो?"

"बाबा, जिल्हा नाय. अमेरिका हाय ही." प्राजक्ताने माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर हसू फुटत होतं, पण मध्येच विझलं. "काका, हे गल्फ म्हणजे तिकडचा समुद्र. आणि पेन म्हणजे... दोन एन आहेत बघा. पेनसिल्व्हेनिया. सायलीताई राहते ते."

"ती पिट्सबर्गला राहते," मी म्हटलं.

"पिट्सबर्ग पेनसिल्व्हेनियातच आहे, काका. पीए म्हणजे तेच."

पीए म्हणजे तेच!

ही खांबाला टेकली. "अहो, ती पहिल्यापासून पेनच म्हणते त्याला. पेणची पेनला आले, म्हणून हसते. तीन वर्षं झाली. तुम्हाला ठाऊक नाय?"

मला कसं ठाऊक असणार? तो विनोद नवव्या सेकंदानंतर कधीतरी होत असणार.

आता मेसेज परत वाचला. तेच शब्द. पेनला मोठं वादळ येणार आहे. आज रात्री. मी घाबरले आहे. फोन करा.

फोन करा. मला करा म्हणत होती हो. एकटी होती, पोटात सात महिन्यांचं बाळ, आईचा फोन लागेना, म्हणून जन्मात पहिल्यांदा बापाला म्हणाली, फोन करा. आणि बाप वडखळच्या भजीवाल्याला वणवा दिसतोय का विचारत होता. मुनिराभाभींनी गल्फ ऐकलं आणि दुसऱ्या क्षणाला पोराला उठवलं. मी पेन वाचलं आणि दिगंबरच्या गणपतींना आत घेतलं.

 प्रभाकरने त्या उघड्या बांबूंखाली मला खुर्ची दिली. कुणी हसलं नाही. प्राजक्ताने सांगितलं, तिकडे आता पहाट व्हायला आलीय, म्हणजे वादळाची ती रात्र सगळी सरली होती. नंबर तिनेच लावून दिला.

पहिल्याच रिंगला उचलला. म्हणजे जागीच होती.

"बाबा!"

मी तोंड उघडलं. बाहेर काय आलं असेल? "जेवलीस का?"

पहाटेचे तीन-साडेतीन वाजले होते हो तिकडे!

ती हसली. हसता हसता रडली. "मी बरी आहे, बाबा. बाळ पण बरं आहे. लाथा मारतंय. समोरचं झाड पडलं, दिवे गेले, गारांनी गाडीची काच फुटली. मी तळघरात जाऊन बसले होते. आता सगळं शांत आहे."

"एकटीच?"

"एकटीच. तुम्हाला किती वेळा लावला! सारखा एंगेज. मग माझ्या डोक्यात आलं, बाबा मलाच लावतायत, मी त्यांना लावतेय, म्हणून दोन्हीकडून एंगेज येतोय. म्हणून मी लावायचं थांबवलं. म्हटलं, लागेल तेव्हा लागेल. बॅटरी जपायची होती. पण तुमचा मेसेज होता ना. मी आहे, फोनलाच लागलोय. तेवढाच उघडून बघत बसले रात्रभर. तुम्ही असं कधी म्हणत नाही, बाबा."

आता तुम्हीच सांगा, मी काय बोलायला हवं होतं? गप्प बसलो असतो तर जगातला सगळ्यात चांगला बाप ठरून उठलो असतो. आयतं श्रेय हातात आलं होतं. पण समोर ही उभी, उलथनं घेऊन. आणि खरं सांगतो, त्या पोरीशी त्या घटकेला खोटं बोलवेना.

"सायली, मी तुला नव्हतो लावत. मला वाटलं, आपल्या पेणला वादळ येतंय. मी दिगंबरला फोन करत होतो. गणपती आत घ्यायला."

"गणपती?" ती म्हणाली. 

मग जी खदखदून हसली पोरगी! थांबेचना. "बाबा, पेण? आपलं पेण?" मी सगळं सांगितलं. अश्फाक, भजीवाला, रिकामं करायचं पेण, छत्रीत वरणभात खाणारे आजोबा. "बाबा, पुरे, पोटात दुखायला लागलं," म्हणायची आणि परत म्हणायची, "मग? मग काय झालं?" इकडे पंगत हसायला लागली, आजोबांची छत्री हलायला लागली, प्रभाकर डोळे पुसत बांबूवर कापड चढवायला सांगायला गेला. मी मात्र हसताना केव्हा रडायला लागलो मला कळलं नाही. लाज कसली? रडलो. "पोरी, तुझ्यासाठी एक फोन नाही केला गो मी," म्हटलं.

"आता करताय की," ती म्हणाली. "ठेवू नका लगेच. आईला नका देऊ."

तेहतीस मिनिटं बोललो आम्ही. ही शेजारी बसून वाट बघत होती, फोन कधी मिळतो म्हणून. तिला मिळालाच नाही.

बाकीचं निस्तरायला आठवडा गेला. घाईघाईत मूर्ती हलवताना दिगंबरच्या एका उंदराची शेपटी गेली. तो उंदीर त्याने कागदात गुंडाळून मला आणून दिला. "हा तुमचा, भाऊ. वादळात सापडला." अजून कपाटावर बसलाय, तो काय. अश्फाकचा एक खाडा झाला, पण मुनिराभाभींनी मला उलट शेवयांचा डबा दिला. पोरगा त्या दिवशी खोलीतच बसून होता, म्हणून तीन वेळा आईशी बोलला, एरवी आठवड्यात एकदा बोलतो. आणि सगळं पेण? पेणने मला सोडलं नाही. भाजीवालीपासून डॉक्टरपर्यंत, मी आभाळाकडे नुसतं बघितलं तरी विचारतात, "भाऊ, कुठल्या पेणचं बघताव? एक एनच्या का दोन एनच्या?"

जुलैत नात झाली. नाव ठेवलंय मेघा. माझ्या नोकरीला मान देऊन ठेवलं असं मी सगळ्यांना सांगतो, आणि सायली अजून नाही म्हणालेली नाही. आता रोज संध्याकाळी सहाला मी फोन लावतो, तिकडे सकाळचे साडेआठ असतात. साडेआठ! माझी पाणी मोजायची वेळ! काल किती पडला, आज काय म्हणतंय, सगळं विचारतो, लिहूनसुद्धा ठेवतो वहीत. पार्सलवर आता पीए लिहीत नाही. पेनसिल्व्हेनिया, पूर्ण, दोन्ही एन ठसठशीत.

आता तुम्ही म्हणाल, चला, म्हातारा सुधारला. मीही तसंच समजत होतो. पण परवाचं ऐका आणि मग उठा.

परवा संध्याकाळी फोनवर मेघा मला तिचे दोन नवे दात दाखवत होती. मी रंगलेलो. एवढ्यात आतून ही ओरडली, "अहो, गच्चीवर पापड हायत! आभाळ भरलंय, पाऊस येतोय, धावा!"

मी फोनमध्ये बघितलं. मेघाच्या मागे खिडकी, खिडकीत लख्ख ऊन, झाडाचं पान हलत नव्हतं. मी अगदी खात्रीने, जुन्या सवयीने, इथूनच ओरडून सांगितलं, "कसला पाऊस? कडकडीत ऊन आहे! दुपारनंतर बघू!"

अख्ख्या पेणने त्या अवकाळीत आपापले पापड वेळेवर आत घेतले. भिजले ते एकट्या हवामानवाल्या भाऊंचे.